बिनपुराव्याचं वाक्य

दादा,

तुझी तेरवी होऊन बारा दिवस झाले. आई आता तुझ्या खोलीचं दार उघडं ठेवते. पहिले आठ दिवस बंद होतं, मग म्हणाली, बंद खोलीत धूळ जास्त बसते. कारखान्यांनी वेढलेल्या आपल्या भनपुरीत उलटं आहे, उघड्या खोलीतच जास्त बसते, हे तिलाही माहीत आहे.  रोज सकाळी ती तुझ्या टेबलावरून ओलं फडकं फिरवते आणि काळं झालेलं ते फडकं मला आणून दाखवते. मी मान हलवते. आमचं सकाळचं बोलणं एवढंच.

लोक भेटायला येतात. शांत होता म्हणतात, निर्व्यसनी होता म्हणतात. मामांनी विचारलं, "कॉम्प्युटरवर काय करत राहायचा तो एवढं?" मी म्हटलं, "लिहायचा." "काय?" "एका खेळाचा कोश." मामा "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला. मला एकदम तुझी इतकी आठवण आली की मी उठून आत गेले. तू असतास तर मामांना समोर बसवून पाऊण तास समजावलं असतंस, आणि ते जाताना म्हणाले असते की पोट्टा हुशार आहे पण थोडा येडा आहे.

तर मामांना जे सांगायचं राहिलं ते तुलाच सांगते.

गोलबाजारच्या मागच्या रद्दीवाल्याकडे तू रसायनशास्त्राचं हँडबुक शोधायला गेला होतास. सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यातल्या लॅबमध्ये तुला नुकतीच नोकरी लागली होती. हँडबुक मिळालं नाही. मिळालं एका विदेशी खेळाचं जाड पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक. टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडायचे, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजून शिपाई पुढे न्यायचे, असा तो लढाईचा खेळ. त्या खेळाला एक अख्खं जग जोडलेलं होतं, ताऱ्याताऱ्यांवर चाललेल्या हजारो वर्षांच्या लढायांचं. त्याला आपण घरात कधी नाव घेऊन बोललोच नाही, नुसतं 'लढाई' म्हणायचो. पुस्तकाचा मागचा अर्धा भाग फाटलेला होता. चाळिसावं पान शेवटचं, आणि त्यावरचं शेवटचं वाक्य अर्धवट: तेल्मारच्या किल्ल्यात सातव्या दारावर हाल्वेक उभा होता आणि.

'आणि'वर पुस्तक संपलं होतं.

तू सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच ओरडलास, "मुनू, इकडं ये! पुढं काय झालं असंन सांग!"

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मी म्हटलं, मेला असंन. तू म्हणालास, असंन नको सांगू, पाहून सांग. मग आपण कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन पाहिलं. तेव्हा कळलं की ह्या जगाचे एक नाही, दोन कोश आहेत. दोन्ही चाहत्यांनीच लिहिलेले, कुणालाही लिहिता येतील, दुरुस्त करता येतील असे, आणि एकमेकांकडे ढुंकून न बघणारे. पहिल्यात हाल्वेकवर तीन ओळी होत्या. सातव्या दाराचा राखणदार. नऊ दिवस दार राखलं. मदत आली नाही. प्रत्येक ओळीपुढे पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान. दुसऱ्यात सहा परिच्छेद होते. त्यात हाल्वेकचा फुटलेला खांदा होता, त्यानं दारावर कोरलेली नावं होती, आणि मदत घेऊन येणार होती ती त्याची बहीण सोरेन होती. पुरावा कशालाच नव्हता. मी त्या खुर्चीत बसून रडले. तू पहिल्या कोशाच्या तीन ओळी कागदावर उतरवून घेतल्यास आणि म्हणालास, "हे खरं आहे."

"खरं काय त्यात? दोन्ही खोटंच आहे, दादा. हाल्वेक कुठं जन्मला होता का?"

"नसंन जन्मला. पण पुस्तकात काय लिहिलं अन् काय नाही लिहिलं, हे तं खरं-खोटं असते ना? त्यानं नाव कोरले हे याले कोणं सांगितलं?"

त्या संध्याकाळी सुरू झालेलं भांडण तुझ्या शेवटच्या महिन्यापर्यंत चाललं.

पहिल्या कोशाला तू पटवारी म्हणायला लागलास, कारण तो तलाठ्याच्या सात-बाराच्या कागदासारखा कोरडा होता आणि त्याच्यावर वाद घालता यायचा नाही. दुसऱ्याला मी पंडवानी म्हटलं. आपल्याकडे तंबुरा हातात धरून महाभारत सांगतात तसं तिथे सगळं रंगवून, वाढवून, मध्येच थांबून उसासा टाकून सांगितलेलं असायचं. तू पटवारीत लिहायला लागलास. तुझं तिथलं नाव 'एक्केचाळीस', आपल्या पुस्तकात नसलेल्या पहिल्या पानाचा आकडा. मी आधी नुसतीच वाचायचे, मग मीही पंडवानीत लिहायला लागले. नव्या राजधानीत मला सरकारी नोकरी लागली तेव्हा बसमध्ये जाता-येता तेच करायचे. ती बस तुला ठाऊक आहे. रुंद रस्ते, मोठमोठे चौक, सिग्नल लाल होतो आणि समोरून जाणारं कुणीच नसतं, तरी ड्रायव्हर थांबतो. त्या थांबण्यांत मी कितीतरी सेनापतींना विधवा आया आणि अपुरी प्रेमं दिली.

तू लॅबमधून एक जुनं रजिस्टर आणलं होतंस. रविवारी दुपारी आपण एकच नोंद दोन्ही कोशांतून काढायचो. डाव्या रकान्यात पटवारी, उजव्यात पंडवानी, शेवटी 'फरक'. आई म्हणायची, "यायले दुसरा धंदाच नाही," आणि भज्याची ताटली मध्ये ठेवून जायची. 'फरक' ह्या रकान्यात तू सारखं एकच लिहायचास: आधार नाही. मी एकदा चिडून विचारलं, "आधार नाही म्हणजे खोटं का?" तू बराच वेळ पेनचं टोपण चावत बसलास. "खोटं नाही म्हणत मी," म्हणालास. "मी म्हणतो, कोणी विचारलं तं दाखवता आलं पाहिजे. लॅबमध्ये आकडा जसा निघते तसा मी लिहितो. मले तो आवडला का नाही, हे कोणी विचारत नाही."

तू विदेशातून सहा शिपाई मागवलेस आणि खिडकीशी बसून एका केसाच्या ब्रशनं रंगवलेस. समोरच्या फौजेला शिपाई नव्हते, म्हणून मी आईच्या डब्यातली बटणं घेऊन लढायचे. एकदा माझ्या कोटाच्या बटणांनी तुझे सहाच्या सहा मारले, तेव्हा तू नियम पुन्हा वाचायला घेतलेस आणि तासाभरानं खाली मान घालून सांगितलंस, "बरोबर आहे. मेले." इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. सरळपणाचा मला तेव्हा रागच यायचा.

मग तुझे पाय सुजायला लागले.

किडनीचं सगळं तुला माहीत आहे, ते नाही लिहीत. लिहायचं ते शनिवारांबद्दल. मंगळवार-गुरुवारी आई यायची, शनिवारी मी. डायलिसिसच्या त्या लांब खोलीत सात मशीन, सात पलंग, आणि थंडी. तुझ्या डाव्या हातातून रक्त जायचं आणि परत यायचं, चार तास. तुझ्या पायांत गोळे यायचे तेव्हा मी पोटऱ्या दाबायचे. पाणी दिवसाला मोजून. तू एकदा म्हणालास, "तेल्मारच्या वेढ्यात नवव्या दिवशी पाण्याचं काय झालं, पाहून ठेव." पटवारीत पाण्याचा उल्लेख नव्हता. पंडवानीत होता: शिपाई दारावरचं दव चाटत. तू डोळे मिटून म्हणालास, "आधार नाही," आणि मग बऱ्याच वेळानं, "पण चांगलं लिहिलं आहे."

रजिस्टर आपण तिथेही न्यायचो. तू सांगायचास, मी लिहायचे. शेजारच्या पलंगावरच्या साहू भैयांना वाटायचं आपण कुठल्या तरी परीक्षेची तयारी करतो आहोत. त्यांनी एकदा विचारलं, "पोस्ट निकली है क्या?" तू म्हणालास, "हव भैया, पटवारी की." तू हसलास ते, मला वाटतं, तिथलं शेवटचं हसणं.

डॉक्टर म्हणाले, प्रत्यारोपण करता येईल, भावंडांपैकी कुणी देत असेल तर सोपं पडेल. आईला साखर, तिचा प्रश्नच नव्हता. तुझा-माझा रक्तगट एक. मी लगेच म्हटलं, "मी देते." ऑफिसात कुणी फाइल मागितली की देते ना, तशा आवाजात. आईनं माझा हात धरला. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतास. डॉक्टरांनी माझ्या तपासण्यांची तारीख लिहून दिली.

त्या तारखेला विधानसभेचं सत्र होतं. मी सांगितलं, सुट्टी मिळत नाही. सत्रात सुट्टी मिळणं कठीण असतं हे खरं. पण मी मागितलीच नव्हती.

दुसरी तारीख बुधवारची. उपाशीपोटी जायचं होतं. सकाळी मी आईला सांगितलं की हॉस्पिटलला जाते, आणि ऑफिसच्या बसमध्ये बसले. दिवसभर टेबलाशी बसून राहिले. एकही कागद पुढे गेला नाही. संध्याकाळी घरी येऊन म्हटलं, "मशीन बंद होतं. पुढची तारीख देतील." आई "बरं" म्हणाली. तू तुझ्या खोलीतून म्हणालास, "हव."

मला कुणी अडवलं नव्हतं, दादा. नवरा नाही, सासर नाही, घरात नको म्हणणारं कुणी नाही. असतं तर बरं झालं असतं असं त्या दिवसांत मला खरोखर वाटायचं. मी नुसती घाबरले होते. आंघोळ करताना हात कमरेच्या वर जायचा आणि तिथेच थांबायचा. छेद केवढा देतील, एकटीच्यानं पुढे झेपेल का, उरलेली एक बिघडली तर मला कोण देईल, असलं सगळं मनात यायचं. हे कुणाला सांगितलं तर लोक काय म्हणतील तेही यायचं. मग मी बसमध्ये फोन काढून हाल्वेकची नोंद उघडली आणि सोरेनच्या परिच्छेदात एक वाक्य वाढवलं: ती जहाजं घेऊन निघाली होती, पण वाटेत वादळ उठलं.

त्यानंतरच्या शनिवारी रजिस्टरमध्ये तू मुद्दाम हाल्वेकची नोंद घ्यायला लावलीस का, मला माहीत नाही. अजून माहीत नाही. मी पंडवानीतला मजकूर वाचत होते आणि तू म्हणालास, "थांब. वादळ मागच्या महिन्यात नव्हतं."

मी फोन मांडीवर ठेवला.

"बदलांची यादी उघड." मोकळ्या हातानं तू फोन घेतलास, पाहिलंस, परत दिलास. "तू लिहिलं?"

"काहीतरी कारण असंन ना तिचं. उगाच थोडी कोणी येत नाही."

"पुस्तकात कारण नाही."

"म्हणूनच लिहिलं."

"काहून पण? नाही आली तं नाही आली." तुझा आवाज अगदी साधा होता. "त्यानं दार तं राखलंच ना."

मशीनचा गजर वाजला, नर्सदीदी आली, नळी सरळ करून गेली. तू ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलंस आणि छताकडे पाहत म्हणालास, "अन् ऐक. तुझी किडनी मले नको. डॉक्टरले मी सांगून टाकतो. यादीत नाव लावून ठेवू, कोणाची मिळाली तं मिळाली. हा विषय बंद."

मी म्हटलं, "असं कसं दादा, मी देऊन राहिली ना." दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी माझा आवाज चढलाही, साहू भैयांनी वळून पाहिलं. पण मी तुला सांगते, पहिल्या शब्दापासून आतून माझं अंग हलकं होत चाललं होतं. घरी येताना रिक्षात मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी.

त्यानंतर तू पाच महिने होतास. ह्या पाच महिन्यांत मी तुझी जितकी सेवा केली तितकी आधीच्या आयुष्यात केली नव्हती, आणि आपण एकदाही ते बोललो नाही.

मग ताप आला. डायलिसिस चालू असतानाच तुला हुडहुडी भरली, रक्तात संसर्ग उतरला म्हणाले, आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं तेव्हा तू शुद्धीवर होतास. ओठ पांढरे पडले होते. तू विचारलंस, "पटवारीवर माझा बदल मंजूर झाला का?" तेल्मारच्या तटबंदीची काही दुरुस्ती तू पाठवली होतीस. मी न बघताच म्हटलं, "झाला." तू डोळे मिटलेस. तो तेव्हा झालेला नव्हता. तुला जाळून आलो त्या दिवशी झाला.

तेरवीनंतर आठवड्यानं मी दोन्ही ठिकाणी कळवायला बसले. मला आधी पटवारीचा राग आला. तिथल्या 'राखी कावळा' नावाच्या संपादकानं लिहिलं की फार वाईट वाटलं, एक्केचाळीससारखा काटेकोर माणूस दुसरा नव्हता, आणि मग अतिशय अदबीनं विचारलं की ह्या बातमीला काही आधार देता येईल का, कारण मागे कुणीतरी एका जिवंत सदस्याला थट्टेनं मेलेला जाहीर केलं होतं. मी फोन पलंगावर फेकला. आईनं विचारलं काय झालं. सांगता सांगता मला हसू फुटलं, आणि आई माझ्याकडे भ्यायल्यासारखी बघायला लागली. तू असतास तर तूही हेच विचारलं असतंस ना. मी नगर निगमचा मृत्यूचा दाखला पत्ता झाकून पाठवला. दुसऱ्या दिवशी तुझ्या पानावर एक ओळ आली: ह्या सदस्याचं निधन झालं आहे, त्यांच्या नोंदी आहेत तशा ठेवाव्यात. खाली दाखल्याची तारीख.

पंडवानीनं काहीच विचारलं नाही. तिथे दोन दिवसांत तुझ्यावर अख्खं पान तयार झालं. त्यात तू घनदाट जंगलाच्या काठावर, पोलादाच्या भट्ट्यांच्या उजेडात राहणारा एक एकाकी विद्वान होतास. तुझ्याकडे शेकडो शिपायांची फौज होती. मी ते बसमध्ये वाचत होते. सिग्नलला बस थांबली तेव्हा ह्या ओळीवर आले: त्याची बहीण स्वतःची किडनी द्यायला तयार होती, पण त्यानंच नाही म्हटलं.

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. तेरवीला आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होती. "पोरगी तं तयार होती. यानंच ऐकलं नाही." मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. शेजारच्या दीदी म्हणाल्या, "ऐसी बहन सबको मिले." मला वाटलं होतं, आई आपल्या मनाच्या समाधानासाठी म्हणते आहे. मी ताटं उचलत राहिले. पण इतक्या लांबच्या, भनपुरीचं नावही न ऐकलेल्या माणसांना हे कुणी सांगितलं?

मी तिथे विचारलं. त्यांनी तुझाच निरोप काढून दाखवला. पंडवानीच्या चर्चेच्या पानावर कुणीतरी तुझी चौकशी केली होती, घरचं कुणी देणारं आहे का असं विचारलं होतं. तू आयुष्यात पहिल्यांदा तिथे लिहिलं होतंस: "माझी बहीण तयार होती. मीच नको म्हटलं." निरोपावर वार आणि वेळ होती. बुधवार, संध्याकाळ. तू मला नको म्हणालास तो शनिवार. म्हणजे हे तू तीन दिवस आधीच लिहून ठेवलं होतंस.

मी चौकातच बसमधून उतरले. रुंद रस्त्याच्या कडेला लावलेल्या नव्या झाडांना सावली नव्हती. तिथे दुभाजकाच्या कट्ट्यावर बसून राहिले, परतीची गाडी मिळेपर्यंत.

घरी आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मी विचारलं, "आई, मी तयार होती हे तुले कोणी सांगितलं?"

"त्यानंच."

"कधी?"

"त्या दिवशीच. तू तपासणीले गेली होती त्या दिवशी." ती थांबली. "म्हणजे, गेली नव्हती त्या दिवशी. दुपारी हॉस्पिटलचा फोन आला होता त्याले, बहीण आली नाही म्हून. मग त्यानं मले स्वैपाकघरात येऊन सांगितलं, मी मुनूची घेणार नाही, कोणी विचारलं तं सांगजो ती तयार होती."

"तुले माहीत होतं?"

"उपाशी जाणारी पोरगी डबा घेऊन गेली." आईनं एक शेंग फोडली. "अन् रिकामा घेऊन आली."

मी जमिनीवर बसले. म्हटलं, "आई, मी तयार नव्हती. दोन्ही वेळा मीच गेली नाही." तिनं दाणे ताटात टाकले.  मला वाटलं आता बोलेल, ओरडेल, मी त्याची वाटच पाहत होते. मग ती म्हणाली, "मले त्यानं जे सांगितलं ते मी सांगते. तो काही जास्तीचं मागून नाही गेला. तुले दुसरं सांगायचं असंन तं तू सांग, मी नाही म्हणत नाही." आणि पदरानं डोळे पुसून पुढची शेंग घेतली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

दादा, मला तुझा राग आला आहे. इतक्या वर्षांत तू एक शब्द आधाराशिवाय लिहिला नाहीस. मी वादळ लिहिलं तर मला सांगितलंस की नाही आली तर नाही आली. आणि तू स्वतः माझ्यासाठी काय लिहून गेलास? त्या खोलीत चार-चार तास मी तुझ्या पोटऱ्या दाबत होते तेव्हा तुला सगळं माहीत होतं. तू एकदा तरी विचारायचं होतंस. मी कदाचित खोटं बोलले असते. कदाचित खरं बोलले असते आणि मग, भीती सांगून झाल्यावर, तिसऱ्या तारखेला गेलेही असते. हे आता कुणालाच कळणार नाही, आणि ते न कळणं तू माझ्या वाट्याला ठेवून गेलास. आभारही मानायचे आहेत, पण ते ह्या रागाच्या खाली कुठेतरी आहेत, इतक्यात वर येत नाहीत.

काल मी पंडवानीतलं तुझं पान दुरुस्त करायला घेतलं. जंगल राहू दिलं, शेकडो शिपायांचे सहा केले. आणि ते वाक्य काढून टाकून लिहिलं: त्याची बहीण तयार नव्हती. तासाभरात कुणीतरी जुनं वाक्य परत लावलं. ज्या कोशानं हाल्वेकच्या फुटलेल्या खांद्याला, दारावरच्या दवाला कधी आधार मागितला नाही, त्यानं मला कारण लिहून पाठवलं: दिवंगत सदस्याचं स्वतःचं विधान नोंदलेलं आहे, तुमच्या म्हणण्याला आधार काय? मी लिहिलं, मी त्याची बहीण आहे. उत्तर आलं की असं कुणीही म्हणू शकतं, आणि कृपा करून मृताच्या घरच्यांची बदनामी करू नये.

म्हणून हे इथे, ह्या पत्रात लिहिते आहे, मराठीत, आपल्या माणसांना वाचता येईल असं.

मी तयार नव्हते, दादा. पहिल्या वेळी मी सुट्टी मागितली नाही आणि दुसऱ्या वेळी ऑफिसच्या बसमध्ये जाऊन बसले. तू नको म्हणालास तेव्हा मला हायसं वाटलं. मी घाबरले होते. तू असताना हे सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुझी,
मुनू